चिंचेच्या पाण्यातला दगड

१४ डिसेंबर २००८, रविवार

आई, इतकी वर्षं तुला एक ओळही लिहिली नाही, त्याची माफी मागते. तू गेल्यावर लिहायचं तर दुःखाचंच, असं वाटायचं आणि राहून जायचं. आज सांगण्यासारखं आनंदाचं आहे.

अंजूरच्या आपल्या स्वयंपाकघरात, पाट्याच्या मागे, माझे दगड असायचे. मामा खडीचा ट्रक चालवायचा. खाणीत सुरुंग लागले की काळ्या कातळाच्या पोकळीतले चमकते खडे माझ्यासाठी खिशात घालून आणायचा. तू म्हणायचीस, "लोकांच्या पोरी फुलं आणतात, आन् तू धोंडं जमवतंस. यात वाटणाच्या कामाचा एक तरी हाय का, बाय?" पण टाकले नाहीस कधी. उलट एका दिवाळीला, घरातलं पितळ उजळायला काढलंस तेव्हा, समई आणि तबकांबरोबर माझे दगडही घमेल्यातल्या चिंचेच्या पाण्यात बुडवलेस. सणाला घरातलं काही मळकं राहायला नको, एवढाच तुझा हेतू.

मी शाळेतून येते तो घमेल्यातून बारीक बुडबुडे येताहेत. सगळ्यात सुंदर खडे निस्तेज झाले होते. मी भोकाड पसरलं. तू गोंधळलीस, पण हार मानली नाहीस. "रडतंस कशाला? ह्यो बघ, ह्यो उजळला का न्हाय?" तुझ्या हातात खडूसारखा पांढरा, कुरूप गोळा होता. त्याचं एका बाजूचं कवच विरघळलं होतं आणि आतून जांभळी टोकं वर आली होती. माझं रडं थांबलं. "दुसरी बाजू पन टाकू?" मी विचारलं. आपण दोघींनी डब्यातली सगळी चिंच कोळली. संध्याकाळी आमटी पानात आली, तेव्हा बाबांनी विचारलं, "आज आंबट काहीच न्हाय?" तू म्हणालीस, "पोरीच्या धोंड्यानं खाल्लं."

पुढे कॉलेजात कळलं, की आंबटात कॅल्साइट, म्हणजे ते पांढरं कवच, विरघळतं आणि खालच्या जांभळ्या स्फटिकाला काही होत नाही. माझा धंदा याच गोष्टीवर उभा आहे. तुझ्या चुकीला मी मागाहून शहाणपण चिकटवते आहे का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं. असेलही. पण तो गोळा उजळला नसता तर मी भूगर्भशास्त्राला गेले असते, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. गावात जो तो कापडाचे लूम टाकत होता तेव्हा दादा चिडवायचा, "तुझे धोंडे कुठल्या शिफ्टला जातात गं?" आता त्याच भिवंडीत, बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये माझी कार्यशाळा आहे. तिथे मी दगडांवरची कवचं उतरवते.

आज एका मोठ्या संग्रहालयाचे एक अधिकारी आले होते. त्यांनी महिन्यापूर्वी एक भलीमोठी शिळा दिली होती, जाड पांढऱ्या थराखाली गाडलेली. आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ही साधली तर त्यांचा सगळा संग्रह माझ्याकडे येणार. बिघडली तर या क्षेत्रात मला पुन्हा कुणी दगड दिला नसता. कडेला आम्लाने निस्तेज होणारे नाजूक हिरवट खडे होते, त्यांना मी मेणाने झाकलं, आणि सौम्य आम्लात थर हळूहळू उतरवत आणला. शेवटचा पापुद्रा त्यांच्यासमोर काढायचा ठरला होता.

"मॅडम, अजून थांबता येईल," ते म्हणाले. "आहे तशीही आम्ही ठेवू."

मी शिळा कप्पीने टाकीतून वर उचलून घेतली. पाण्याची धार सोडते, तसा पांढरा चिखल ओघळतो, आणि एका कडेपासून दुसरीपर्यंत जांभळा रंग उघडा पडतो. एकही टोक तुटलेलं नाही. हिरवे खडेही जसेच्या तसे. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आमची बाकीची कपाटं बघायला कधी येता?"

ते गेल्यावर मी शेडचं दार आतून लावलं आणि शिळेभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. स्वतःवर इतकं खूश होणं बरं नव्हे, हे मला कळतं. त्याची लाज वाटेल म्हणून वाट पाहिली, वाटली नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? म्हणून हा कागद, जो कुठेच जाणार नाही.

उद्या: याहून मोठी टाकी करायला सांगायची.