अठ्ठेचाळीस चौकटी

२ मार्च १९३६, लॉस एंजेलिस

लागली एकदाची नोकरी! स्टुडिओच्या गोदामात मुक्या चित्रपटांची रिळं पुसायची, तुटलेली फिल्म चिकटवायची. एप्रन मिळाला, हजेरीच्या खोक्यात माझ्या नावाचं कार्ड लागलं. फाटकावरचा पहारेकरी डच म्हणाला, इथं पूर्वी नट्या यायच्या, आता त्यांची मढी पुसायला तू आलीस. मी म्हटलं, मढी बरी, मिजास तरी करत नाहीत. दुपारी आईच्या टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, बाहेर पायरीवर बसून खाल्ल्या, कारण फिल्मला तुपट बोट चालत नाही.

इथं का आले ते गोदामाच्या हॅस्केलसाहेबांना सांगितलेलं नाही. माझे बाबा, अन्सेल्मो किरोगा, याच स्टुडिओत व्हायोलिन वाजवत. पडद्यावर आवाज नसे, पण कॅमेऱ्यापुढे नटीला रडू यायला सूर लागत. बाबांचं नाव कुठंच आलं नाही. सिनेमासाठी वाजवतो म्हणाले की आमच्या बॉइल हाइट्स वस्तीत कुणाला खरं वाटेना; लोक त्यांना शेवटपर्यंत थापाड्या म्हणत राहिले.

६ मार्च

बाबा सापडले! एका चित्रपटात विधवा आरशासमोर रडते, त्या आरशाच्या कोपऱ्यात तिघं पाठमोरी बसली आहेत. पायपेटी, चेलो आणि व्हायोलिन. गज ओढताना डावा खांदा वर जातो. बापाची पाठ मी ओळखणार नाही? रीळ चौदा वेळा फिरवलं आणि त्या नटीसारखीच रडले.

हा चित्रपट वीस तारखेला न्यूयॉर्कच्या संग्रहालयात जाणार, कायमचा. सोबतच्या यादीत वादकांची नावं घालू का, असं मी हॅस्केलसाहेबांना विचारलं. ते चष्मा पुसत राहिले.

"चौकटीबाहेरची माणसं बाहेरच राहू देत, पोरी. आत जागा मोजकी असते. एकाला आत बसवलंस तर दुसऱ्याला उठावं लागतं."

साहेबी मिजास, दुसरं काय.

१० मार्च

बंकर हिलला बॉग्जबाईंकडे गेले. त्यांचा नवरा थॅडियस स्टुडिओत बाबांच्या जोडीला पायपेटी वाजवायचा. बाई म्हणाल्या, तिकडे तो वाजवायचा तेव्हा नट्या रडायच्या, घरी वाजवायचा तेव्हा मी. चेलोवाली इलोना वर्गा, तिचंही नाव त्यांना पाठ होतं. निघताना त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

यादीत नको ना? मग फिल्मवरच. रिळाच्या शेवटी काळी पट्टी असते. तिच्यावर सुईनं कोरलं की पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात. मुकी फिल्म सेकंदाला सोळा चौकटी पळते; नाव तीन सेकंद दिसायला हवं, म्हणजे अठ्ठेचाळीस चौकटी. भिंगाखाली, प्रत्येकीत तेच नाव. तिघांची कोरणार.

१३ मार्च

थॅडियस बॉग्ज कोरून झाला. रीळ पुन्हा फिरवलं. तो आरशात नाही. खोलीत आहे, नटीच्या मागे, तोंड आपल्याकडे करून. हसतो आहे.

आरशातल्या त्याच्या जागी कुणी तरी पाठमोरी बाई आहे. एप्रनची गाठ माझ्यासारखी. वेणीही.

खोक्यातलं माझं कार्ड नाहीसं झालंय. डचनं आज मला नाव विचारलं. थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

१७ मार्च

इलोना वर्गा आत आली. डचच्या नाकासमोरून गेले, त्यानं मानही वर केली नाही. हॅस्केलसाहेबांनी खुर्ची रिकामी समजून कोट माझ्या मांडीवर टाकला. बॉग्जबाईंनी दार उघडलं, रस्ता न्याहाळला, दार लावून घेतलं.

घाबरले आहे. फार घाबरले आहे. इथंच थांबले तर कदाचित कार्ड परत — पण मग बाबा पाठमोरेच राहतील. नाही थांबणार.

१९ मार्च

आईनं आज एकच ताट वाढलं. मी हाका मारल्या. तिनं उठून खिडकी लावली, वारा आहे म्हणाली — स्वतःशीच.

बाबांच्या एकतीस चौकटी झाल्या. सतरा उरल्या.

२० मार्च, दुपार

साहेब रिळाचा डबा शोधताहेत. रीळ, डबा दोन्ही माझ्या मांडीवर आहेत, त्यांना दिसत नाहीत. शिव्या घालताहेत. घाला. मी दिसतच नाही, तर अडवणार कसे?

चव्वेचाळीस. बोटं मलाही धूसर —

सत्तेचाळीस.

अठ्ठेचाळीस. फिरवून पाहिलं. बाबा खोलीत. चेहरा आपल्याकडे. गज उचललेला. नटीनं मान वळवून — त्यांच्याकडे पाहिलं.

आता माझं नाव कोरू? तेवढ्यात हातच उरला नाही तर डबा मांडीवरच राहील. नको. रीळ डब्यात घालून तो टेबलावर ठेवला. साहेब म्हणाले, "अरे, हा तर इथंच होता." स्वतःच्या हातानं सील ठोकलं. तिन्ही नावांवर.

गाडी निघाली. चौकट तुमची, साहेब. आत माझी माणसं बसली आहेत.

पेन्सिल धरवत नाही. कुणी ही वही उघडलीच, तर — मी अन्सेल्मो किरोगाची मुलगी, आणि माझे बाबा थापाड्या नव्ह