सांडलेला पारा

८ नोव्हेंबर
फोडलं! सासऱ्यांचं पाऱ्याचं बी.पी.चं मशीन नवऱ्याने पाडलं. माझ्या शिवणाच्या खोलीभर चकाकते मणी. म्हटलं, थांब, कुणाला तरी विचारू. कसला थांबतो! नवा व्हॅक्यूम क्लीनर आलाय ना, हात शिवशिवत होते. सगळा पारा ओढून घेतला. वर तोरा – "बघ, एक कण नाही!"

सासरे जन्मभर डॉक्टर. ते काय म्हणाले? "आम्ही कॉलेजात पारा तळहातावर खेळवायचो." झालं!

१७ नोव्हेंबर
तोच व्हॅक्यूम रोज फिरतोय. खिडक्या बंद, का तर धूळ येते. माझं डोकं ठणकतं. नवरा म्हणतो, चष्म्याचा नंबर बदलला असेल. याला सगळं ठाऊक!

२ डिसेंबर
सुईत दोरा ओवेना. हात थरथरतो. "वय झालं," सासरे म्हणाले. माझं वय! गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही वाकडी बसली, ती उसवून भिरकावली.

९ डिसेंबर
बहिणीचा फोन. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बोलता बोलता पाऱ्याचं निघालं. तिने सगळं खोदून विचारलं. मग – "व्हॅक्यूमने? अगं, तो तापतो, पाऱ्याची वाफ खोलीभर फुंकतो! दिसत नाही, वास येत नाही. लेकीला घेऊन आधी बाहेर पड!"

लेक त्याच खोलीत अभ्यास करते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांना तोंडावर म्हटलं, "तळहातावर खेळवायचात ना? आता नातीच्या फुफ्फुसात खेळवा!" उभ्या जन्मात त्यांना उलट बोलले नव्हते. नवरा म्हणतो, "हल्ली तुझ्या नाकावरच राग असतो." असणारच! विष पसरवलंस तू, आणि मी गोड बोलू?

१० डिसेंबर
बहिणीकडे आलोय. सगळ्यांची लघवी तपासायला दिली. पोरीला काही झालं तर दोघांना सोडणार नाही.

१६ डिसेंबर
लेक ठीक आहे. सुटले! पारा निघाला तो माझ्यात, भरपूर. दिवसभर त्या खोलीत मीच तर बसते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चिडचिड कधीपासून वाढली?" मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "मशीन फुटल्यापासून." पाऱ्याने तसं होतं म्हणे.

मागची पानं वाचली. यातला माझा राग कुठला, मला सांगता येत नाही.