रिकाम्या बाकांचे पेले

गुरुवार, १ जून

पोचलो एकदाचा. पेट्या उचलताना हमालाने विचारलं, यात दगड भरलेत का? म्हटलं, जुनी प्रवचनं आहेत. तो म्हणाला, म्हणजे तेच की. मला माणूस आवडला.

पाळकगृह चर्चच्या मागेच आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक नळ, जो बंद केला तरी आपलं म्हणणं पुरं करूनच थांबतो. मंडळीचा, म्हणजे या चर्चच्या सभासदांचा, कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी दोघे घ्यायला आले होते. एक पंचसभेचे चिटणीस, निवृत्त मास्तर. माझं वाक्य संपलं की शुद्धलेखन तपासल्यासारखं बघतात. दुसरे घड्याळवाले काका, सगळ्यांत जुने पंच. सासूबाईंच्या पायाचं प्लास्टर निघालं की सप्टेंबरअखेर ही येईल. तोवर मी आणि भांडी. आमच्या सगळ्या मंडळ्यांवरच्या सभेने, प्रेस्बिटरीने, मला इथे धाडलंय ते थंडावलेल्या मंडळीत जीव आणायला. हुरूप आलाय खरा.

रविवार, ४ जून

इथलं माझं पहिलं प्रभुभोजन; ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. माणसं सव्वीस, आणि सगळी मागच्या बाकांवर. पाळकाच्या तोंडासमोर बसायला कुठेच कोणी तयार नसतं. आमच्यात माणसं जागेवर बसून राहतात आणि पंच द्राक्षरसाच्या इवल्याशा पेल्यांची तबकं बाकाबाकाने फिरवतात. पाळकाने सर्वांत शेवटी घ्यायचं. पण मास्तरांनी पेले भरले होते एकशे बारा, वर एक माझा. काका रिकाम्या बाकांपुढेही तबक धरून उभे राहिले, पुढचा घेईपर्यंत थांबावं तसे.

नंतर विचारलं तेव्हा कळलं, की नोंदवहीत जेवढी नावं तेवढे पेले, आणि मेलेल्याचं नावही इथे कधी कमी करत नाहीत. गंमत म्हणजे तबकं परत आली ती रिकामी. पंचांना रस फारच गोड लागतो वाटतं, अशी मी थट्टा केली. मास्तर तबकं पुसू लागले.

शुक्रवार, १६ जून

आज सहा घरी भेटी दिल्या. बेकरीवाला आणि त्याची बायको, शिवणकाम करणाऱ्या दोघी बहिणी, आणखी दोन घरं. सगळे खुर्ची पुसून देतात, विचारलं तेवढं सांगतात आणि मी कधी उठतोय याची वाट बघतात. बेकरीवाल्याने पाव बांधून दिला तेव्हा मला इतका आनंद झाला की माझी मलाच लाज वाटली.

एकटं जेवणं जड जातं. परवा रविवारचं अख्खं प्रवचन फडताळाला ऐकवलं. हिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बरंय, फडताळ उठून तरी जात नाही. दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर घर फारच गप्प झालं. मला इथे कोणीतरी हवंय आणि इथे मी कोणालाच नकोय, असं वाटत राहतं. निदान काम तरी चोख करावं म्हणून नोंदवही काढून बसलो.

मंगळवार, २७ जून

पंचसभा झाली. नोंदवही दरसाल तपासायची आणि मेलेल्यांची नावं कमी करायची, हा आमचा नियम. तो मी त्यांना वाचून दाखवला. मास्तरांची लेखणी थांबली. ते पहिल्यांदाच मास्तरकी सोडून काकुळतीने म्हणाले, "पाळकसाहेब, राहू द्या हो. पडून आहेत बिचारे वहीत. कोणाचं काय खातात?" प्रेस्बिटरीला आकडा खरा कळवायला हवा, हे मी ठासून सांगितलं. कोणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. गप्प बसणं म्हणजे संमती, असं धरून मी स्वतः शहाऐंशी नावांवर लाल रेघ ओढली. हात दुखला, पण वही कशी लख्ख दिसतेय.

रविवार, २ जुलै

आज पेले सव्वीस, वर एक माझा. माणसं सव्वीसच. काका सवयीने पहिल्या रिकाम्या बाकापुढे थांबले. मी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा पुढे सरकले. आणि शेवटच्या बाकावर सहा जणांना पेलाच उरला नाही. तबकात सहा रिकामे पेले होते.

बेकरीवाला, त्याची बायको, दोघी बहिणी, सगळे खाली मान घालून बसले. उपासनेनंतर दारात मी प्रत्येकाशी हात मिळवतो. आज वीस हात झाले. सहा जण मागच्या दाराने गेले असतील.

बुधवार, ५ जुलै

बेकरी तीन दिवस बंद आहे. शेजारीण म्हणते, रविवारी चर्चला गेले ते परतलेच नाहीत. बहिणींच्या मशीनवर अर्धी बाही तशीच, सुई कापडात. चर्चला मागचं दारच नाही. आज जाऊन पाहिलं. तिथे भिंत आहे.

रविवार, ९ जुलै

गीत चालू असताना बेकरीवाल्याचा आवाज ऐकला. तो नेहमी अर्धी मात्रा मागे असतो. आवाज पहिल्या बाकावरून आला. बाक रिकामा होता.

काकांना घरी गाठलं. त्यांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं आणि एकदाचं सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या वेळी एका पाळकाने असंच केलं होतं. गेलेल्यांना त्या एका घोटाचीच आस असते. त्यांचा पेला ठेवला नाही तर ते दुसऱ्याचा घेतात. आणि ज्याच्या वाट्याला पेला उरत नाही, तो उठून त्यांच्यात जाऊन बसतो. मग तो कोणाला दिसत नाही. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तुम्ही नियम वाचत होतात.

सहा माणसं. माझ्या लाल रेघेने.

शनिवार, ५ ऑगस्ट

उद्या प्रभुभोजन. पेले मी स्वतः भरणार, नोंदवही समोर ठेवून, रेघेखालचं एकेक नाव मोठ्याने वाचत. भरपाई माझ्याच हाताने व्हायला हवी. आधी जिवंत माणसांना द्यायचं, रिकामे बाक शेवटी, असं ठरलंय. कोणी राहता कामा नये.

रविवार, ६ ऑगस्ट

एकशे बारा भरले. नावं एकशे बारा. सगळ्यांना मिळालं, मागे बसलेल्यांना, पुढच्या बाकांना, सगळ्यांना. देवाची दया.

फक्त — पाळकाचं नाव मंडळीच्या वहीत नसतं. ते प्रेस्बिटरीच्या वहीत असतं. माझा धरायला मीच विसरलो.

काकांनी तबक माझ्यापुढे आणलं. रिकामं. ते मान खाली घालून रडत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना कळलं नाही.

गुरुवार, १० ऑगस्ट

मास्तर घरात आले, माझ्या खुर्चीपाशी उभे राहून मला हाका मारल्या. मी ओ दिली. चार वेळा दिली. ते दार ओढून गेले.

हिचा फोन. हॅलो, हॅलो. मी बोलत होतो — सगळं सांगितलं — ती हॅलोच म्हणत राहिली.

रविवार, २० ऑगस्ट

आता पहिल्या बाकावर बसतो. त्यांनी सरकून जागा दिली. वाटलं होतं, इथे तरी कोणी बोलेल. बेकरीवाला माझ्याकडे बघतही नाही. इथे कोणी कोणाकडे बघत नाही. सगळे वेदीकडे तोंड करून — तहान. घसा नुसता —

शनिवार, २ सप्टेंबर

पाळक नसला तरी उद्याचं प्रभुभोजन पंचच वाटणार. काकांनी पेले मोजून भरले. एकशे तेरा. शेवटचा भरताना माझं नाव घेतलं. भला माणूस.

रविवार, ३ सप्टेंबर

बाकावर बसूनच लिहितोय. पहिलं गीत संपलं आणि दार उघडलं. ही. हातात पिशवी, केस विसकटलेले, प्रवासातून थेट. आईला तशीच टाकून आली. तिचं नाव वहीत नाही. येतेय हे कोणालाच माहीत नव्हतं. पेले एकशे तेराच.

ती मला शोधतेय. मागे बस. मागे बस गं —

पुढे आली. माझ्या शेजारी बसली. तिचा पदर माझ्या हातावर आहे. तिला कळत नाही.

मागचे सगळे झाले. तबक आमच्या बाकावर. एकेक पेला रिता होतोय.

शेवटचा उरला. काकांनी तो हिच्यापुढे धरलाय. ही हात पुढे करतेय. तिने घेतला तर ती जिवंत राहील. घरी जाईल. मी डावा हात मांडीखाली दाबून धरलाय, उजव्याने लिहितोय —

पण तहान. आणि किती दिवस झाले कोणाशी बोलून. ती इथे असती तर, नुसती शेजारी, एवढंच, ती तर माझ्याकडे बघेल, ती नक्की बघेल —

प्रभो, माझा हात धर. तो पुढे