यमुना_निवास यांचा सतरा आकडी नंबर

३ मार्च २०१४, सोमवार

आजपासून रोजनिशी. यशस्वी लोक लिहितात म्हणे.

कंपनीत अजून बेंचवरच. म्हणजे पगार आहे, काम नाही. मॅनेजर म्हणाला, स्वतःला अपग्रेड करा. करतोय. संध्याकाळी गेमिंग सर्व्हरवर होतो. सर्व्हर माझा, अ‍ॅडमिन मी. कॉलेजच्या ग्रुपसाठी काढला होता. एकेकाळी गर्दी असायची. मग सगळ्यांची लग्नं झाली. आता फक्त चेतन येतो, तोही मुलगी झोपली तर.

जेवताना बाबा काहीतरी विचारत होते. कानात हेडफोन. हो म्हणून टाकलं.

७ मार्च, शुक्रवार

सर्व्हरवर नवा इसम. नाव 'वायरमन५८'. चालताना भिंतीला धडकतो. गोळी झाडतच नाही, नुसता माझ्या मागे मागे. त्याच्यामुळे मी दोनदा मेलो. मध्येच चॅटमध्ये लिहितो, 'जेवलास का'. समोरच्याचं लक्ष उडवायची जुनी युक्ती. मी फसणाऱ्यातला नाही.

बाबांसारखाच कोणीतरी रिटायर्ड वायरमन दिसतोय. या लोकांशी घरात कोणी बोलत नाही का?

१२ मार्च, बुधवार

वायरमन गायब. त्याच्या जागी 'गाडीतळ_हडपसर'. आमच्याच भागातला दिसतोय. चाल तीच, भिंत तीच. पठ्ठ्याने प्रोफाइलचं नाव बदललंय.

नावावर बंदी घालण्यात अर्थ नाही, हा उद्या तिसरं घेईल. पण खातं उघडताना प्रत्येकाला एक सतरा आकडी नंबर मिळतो. नाव कितीही बदला, नंबर तोच. बंदी घालायची तर नंबरावर.

संकल्प: नाव टाकलं की नंबर काढून देणारी वेबसाइट मी स्वतः बनवणार. रविवारपर्यंत. नंतर स्टार्टअप.

चेतनला फोन केला. म्हणाला, अशा वेबसाइट ढिगाने पडल्यात, तू कशाला डोकं फोडतोस. त्याला व्हिजन नाही.

१६ मार्च, रविवार

वेबसाइटचा लोगो तयार. बाकी किरकोळ राहिलंय.

बाबांनी दोनदा खोलीत डोकावलं. तिसऱ्यांदा लॅपटॉप घेऊनच आले, काही दाखवायचं होतं. माझाच जुना लॅपटॉप. आई गेल्यावर त्यांचा वेळ जावा म्हणून दिला. चेतनने त्यात काहीतरी टाकून दिलंय, पत्ते असतील. म्हटलं, बाबा, नंतर. 'बरं' म्हणाले आणि दार लोटून गेले. दार लोटायची सवय चांगली आहे त्यांची.

२० मार्च, गुरुवार

हद्द झाली. आता नाव 'यमुना_निवास'. अहो, हे आमच्या घराचं नाव आहे! आईचं नाव. फाटकावर पाटी आहे, म्हणजे हा माणूस घरापर्यंत येऊन गेला.

चॅटमध्ये लिहितो, 'आता तरी ओळखलंस का'. ओळखलं तर. हा सायबर गुन्हेगार आहे.

बाहेर जाऊन बाबांना बजावलं, अनोळखी माणसाला दार उघडू नका. मांडीवर लॅपटॉप, आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. वयामुळे होतं असं.

२१ मार्च, शुक्रवार

माझी वेबसाइट चालली नाही. नेट स्लो आहे, त्याला मी काय करणार. दुसऱ्या कोणाच्या वेबसाइटवर नाव टाकलं, क्षणात नंबर हजर. तत्त्वतः कल्पना माझीच.

नंबर बंदीच्या यादीत. कायमचा. कारण लिहावं लागतं, लिहिलं: 'सारखा मागे मागे येतो. जेवलास का विचारतो.'

हलकं वाटलं. म्हणजे तसं काहीच वाटलं नाही. पण हलकं असंच असत असेल.

२२ मार्च, शनिवार

सर्व्हरवर मी एकटाच. चेतनची मुलगी झोपली नसावी. सराव निर्विघ्न पार पडला. एकदाही मेलो नाही. मारणारं कोणी नव्हतं.

२३ मार्च, रविवार

सकाळी बाबा लॅपटॉप घेऊन आले. म्हणाले, हे आत घेईना रे, काय लिहिलंय बघ, माझा चष्मा सापडत नाही.

लाल चौकट होती. मी मोठ्याने वाचायला लागलो. 'सारखा मागे मागे' इथपर्यंत वाचलं.

बाबा म्हणाले, असू दे. मग म्हणाले, तुझ्या खेळात येऊ का म्हणून विचारलं होतं मी, जेवताना. तू हो म्हणालास. मग वाटलं, नावावरून ओळखशील. म्हणून बदलत राहिलो.

मी म्हटलं, मला वाटलं... बाबा म्हणाले, चहा ठेवतो.

बंदी काढली. तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपं आहे, यादीतून एक ओळ पुसायची.

२९ मार्च, शनिवार

सर्व्हर सुरू आहे. यमुना_निवास आठवडाभर आलेला नाही. बाबांना म्हटलं, या की, मी शिकवतो. 'नंतर,' म्हणाले. लॅपटॉप पुसून, वायर नीट गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवलाय. वायर गुंडाळावी तर त्यांनीच.

बाबांनी माझं ताट झाकून ठेवलंय. ते आज तरी विचारतील म्हणून संध्याकाळपासून हेडफोन काढून बसलोय. त्यांच्या खोलीतला दिवा बंद झाला.

अजून जेवलो नाही.