प्रवेश बंद, नगराध्यक्षांसह

ती. अक्काच्या चरणी नगराध्यक्षांचा (म्हणजे तुझ्या धाकट्याचा) साष्टांग नमस्कार. शाळेच्या बाकांमधल्या फटीत आठही अंगं मावत नाहीत, तेव्हा सध्या पाच धर, उरलेली बाहेर आल्यावर. तुझी तब्येत कशी आहे? माझा फोन उचलत नाहीस, त्यावरून हाताला काही झालं असावं अशी काळजी वाटते. म्हणून हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याबरोबर धाडतो आहे.

आईचा पाय प्लास्टरमध्ये आहे, तोंड मात्र पूर्ण मोकळं आहे. दिवसभर तुझं नाव घेते आणि मधूनमधून माझा उद्धार करते. तू तिला भेटायला निघालीस तेव्हा मी म्हणालो होतो, की साथ आहे, बाहेरून येणाऱ्याने आधी शाळेत पंधरवडा काढायचा, मग घर. नियम सगळ्यांना सारखा. तू फोन आपटलास. (आवाजावरून नवा घ्यावा लागला असेल.) त्या नियमात 'खुद्द नगराध्यक्षही अपवाद नाहीत' हे वाक्य मीच हौसेने घातलं होतं. भोंग्यावर वाचलं तेव्हा गच्च्यागच्च्यांवरून टाळ्या पडल्या. टाळ्यांचा मोह वाईट, अक्का.

तर हद्दीवर अडथळा उभा केला. बांबू, पत्रे आणि वर लाल अक्षरांत 'प्रवेश बंद'. फोटो हवाच. आता अक्षरं साहजिकच बाहेरच्या बाजूला, म्हणून फोटोग्राफर पलीकडे गेला आणि त्याच्यामागोमाग मीही. हात उंचावून झकास फोटो झाले. (मास्कमुळे तो मीच आहे हे प्रत्येकाला सांगावं लागतं.) परत फिरतो तर शिट्टी! पहाऱ्यावर आपले शिट्टीमास्तर, कवायतीचे निवृत्त शिक्षक. हा माणूस कुणाचं ऐकत नाही म्हणून मीच नेमलेले. त्यांनी माझंही ऐकलं नाही. मी म्हणालो, "अहो मास्तर, तुमच्या डोळ्यांदेखत तर बाहेर गेलो!" ते म्हणाले, "म्हणूनच साक्षीदार शोधावा लागला नाही."

तेव्हापासून मी तिसरी 'ब' मध्ये आहे. गुडघे बाकाखाली जात नाहीत आणि कोपऱ्यात फोटोग्राफर घोरतो. उपाध्यक्ष रोज फोन करून धीर देतात, की काळजी नको, तुमच्या खुर्चीवर धूळ बसू नये म्हणून मीच बसतोय. काल एक आजोबा खिडकीशी येऊन मला डोळे भरून बघून गेले. म्हणाले, "मत दिल्याचं आज समाधान झालं."

या खिडकीतून आपली गॅलरी दिसते. तुझी भावजय आईची खुर्ची तिथे आणून ठेवते. आई हात करते, मी हात करतो. हाकेच्या अंतरावरून जाता येत नाही तर जीव तुटतो गं. तुझं लांबून काय झालं असेल ते आता कळलं.

तुझा,
सध्या बाहेरचा ठरलेला धाकटा

ता. क. : नियम काही बदलणार नाही, भलती आशा धरू नकोस. पण शेजारची चौथी 'अ' मी झाडून घेतली आहे. तिच्या खिडकीतून आई जास्त चांगली दिसते. उशी आण, फोटोग्राफरसाठी (म्हणजे तुझ्या कानांसाठी) कापूस आण, पण ये.

आणखी एक : आईला विचारूनच लिहितोय. म्हणाली, "दोघं एकाच शाळेत? मग डबा एकच पाठवायला सांगते. भांडलात तर तोही नाही."