डाव्या पंखाची उरलेली शिवण

मी, खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या घरात बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे आहे, पण मृत्युपत्रासाठी कायदा डोक्याचीच चौकशी करतो. कोणी मला धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. हॉलमध्ये खुर्ची ठेवायला जागा उरली नसल्याने मी विमानाच्या पंखाशेजारी स्टुलावर बसून लिहीत आहे, एवढीच काय ती अडचण. याआधी केलेल्या मृत्युपत्रात विमान नव्हते, म्हणून ते रद्द समजावे.

पहिले, घर. घर थोरल्या मुलाला आणि धाकट्या मुलीला निम्मे निम्मे. माडीवरचे भाडेकरू मास्तर हयात असेपर्यंत तिथेच राहतील. "उडवणार कुठून, गच्चीवरून का?" असे त्यांनी मला जिन्यात चारचौघांत विचारले होते, ते मी विसरलेले नाही. पण पहिला पंख दारातून बाहेर निघेना, तेव्हा दाराची चौकट त्यांनीच उचकटून दिली, तेही विसरलेले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी. दुसऱ्याची चूक त्यांना खपत नाही, हा गुण इथे कामी येईल.

भिंतीवरची चित्रे कमरेच्या उंचीवर टांगलेली आहेत. ती कोणी वर सरकवू नयेत. ती ह्यांनी हयात असताना लावली आहेत. ह्यांना स्टुलावर चढले तरी गरगरत असे, आणि अशा माणसाची मुलगी विमान बांधायला निघाली. खाण तशी माती म्हणतात. आमच्याकडे खाण एक आणि माती भलतीच.

दुसरे, विमान. वर दोन, खाली दोन अशा चार पंखांचे, उघड्या बैठकीचे, जुन्या धाटणीचे हे विमान धाकटीचे एकटीचे. ती पंपांच्या कारखान्यात फिटर आहे. नकाशे तिने मागवले, लाकूड तिने तासले, इंजिन शेजारच्या गॅरेजवाल्याला हाताशी धरून तिने जुळवले. धड मागच्या शेडमध्ये उभे आहे. माझ्याकडे फक्त कापड आले. पंखाच्या लाकडी फासळ्यांवर कापड ताणायचे, ते मेणाच्या दोऱ्याने फासळ्यांना शिवायचे आणि मग वरून रोगण द्यायचे. पडदे, अभ्रे आणि शाळेचे गणवेश शिवण्यात माझा जन्म गेला. मुलांना पंख फुटतात असे ऐकून होते. ते शिवून द्यावे लागतात हे म्हातारपणी कळले.

ही शिवण एकट्याने होत नाही. पंख आडव्या कडेवर उभा करतात. एकीने अलीकडून लांब सुई आरपार घालायची, दुसरीने ती पलीकडून ओढून परत पाठवायची. मध्ये कापड असल्यामुळे एकमेकींचे तोंड दिसत नाही. सुई पाठवली की धाकटी दर वेळी विचारते, "आई, आहेस ना?" मी सुई परत घालते आणि म्हणते, "आहे. ओढ."

तोंड दिसत नसले की माणूस खरे बोलतो. कारखान्यातला मुकादम छळतो, हे तिने मला पंखापलीकडून सांगितले. लग्न करायचे नाही, हेही तिथूनच. मी म्हणाले, "बरं. सुई पाठव."

"एवढंच?"

"मग काय करू? कापडाला भोक पाडून बघू तुझ्याकडे?"

आम्ही इतक्या हसलो की दोरा गुंतला. या शिवणीच्या दिवसांत मी जितकी सुखात आहे तितकी लग्नाच्या पहिल्या वर्षीही नव्हते. ह्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

तिसरे, किरकोळ. शिलाई मशीन सूनबाईला. ती फोनवर दर वेळी आवाज खाली करून विचारते, "आई, पंख कुठवर आला हो?" नवऱ्याला कळू न देता जी पंखाची चौकशी करते, तिला मशीनही झेपेल. नणंदबाईंना माझी दातेरी कात्री. ती त्यांनी कापडासाठी म्हणून नेली आणि तिने पत्रा कापला. परत आली तेव्हा तिला लोणीही कापवत नव्हते. आता ती कायमची त्यांची. धार लावून मागू नये.

चौथे, थोरला. थोरला विमा विकतो, धाकटी विमान बांधते. दोघांत फरक एका 'न'चा, आणि त्या 'न'चा नन्नाचा पाडा थोरल्याने पहिल्या दिवसापासून लावला आहे. मागे आला होता तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "पडलीस म्हणजे? हाडं गोळा करायला कोण येणार?"

"तू नको येऊस," धाकटी म्हणाली आणि ताटावरून उठली.

तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद. जे काही बोलायचे ते माझ्यामार्फत. "आई, त्याला सांग बँकेचे कागद आलेत." "आई, तिला सांग पाठवून दे." दोघे एकाच खोलीत असले तरी हेच. थोरल्याचा राग हा राग नव्हे. लहानपणी धाकटी झाडावर चढली की तो खाली उभा राहून ओरडत असे, पण ती उतरेपर्यंत जागचा हलत नसे. भीती वाटली की त्याचा आवाज चढतो. हे मी धाकटीला शंभरदा सांगितले. तिच्या गावीही नाही.

पाचवे, आणि यासाठीच हा सारा खटाटोप. तीन पंख झाले. खालचा डावा राहिला आहे, आणि राहतोच आहे. "ही गाठ सैल वाटते गं," असे म्हणून धाकटी शिवलेली ओळ उसवते. जन्मभर गाठी मारलेल्या बाईला सैल गाठ डोळे मिटूनही कळते. गाठी घट्ट आहेत. आम्ही डॉक्टरांकडून आलो त्या दिवसापासून हे उसवणे सुरू झाले. पंख पुरा होईपर्यंत आई कुठे जात नाही, असे तिने मनाशी धरलेले दिसते. माझा तिच्यावर फार जीव आहे, म्हणून मी आजवर काही बोलले नाही.

पण मी जाणार, आणि मग ती तो पंख तसाच ठेवील, विमानावर चादर घालील आणि आईची आठवण म्हणून धूळ झटकत बसेल. मला आठवण होऊन शेडमध्ये राहायचे नाही. विमान उडायला हवे.

म्हणून खालचा डावा पंख माझ्या पश्चात थोरल्याने आणि धाकटीने मिळून शिवावा. दुसऱ्या कोणाचा हात चालणार नाही. विमान एकदा वर जाऊन धड खाली येईपर्यंत घराची वाटणी किंवा विक्री करू नये. बँकेतली माझी शिल्लक हप्त्यासाठी ठेवली आहे. थोरल्याने विमा उतरवावा, धाकटीने विमान उतरवावे.

अशा जुन्या धाटणीच्या विमानात चालवणारा मागे बसतो, पुढची जागा प्रवाशाची असते. तिथे माझा फोटो ठेवू नये. जागा बसण्यासाठी असते. थोरल्यावर बसण्याची सक्ती नाही, तो वडिलांवर गेला आहे. त्याने खाली उभे राहावे, ती उतरेपर्यंत, नेहमीसारखे.

थोरल्यास सूचना. काम अवघड नाही. सुईचे टोक दिसले की सरळ ओढायची, वाकडी करायची नाही. दोरा हात कापतो, बोटाला चिंधी गुंडाळावी. पहिल्या टाक्याला कोणी बोलणार नाही, दुसऱ्यालाही नाही. मग कधीतरी सवयीने तिच्या तोंडून निघून जाईल, "आई, आहेस ना?" आणि तिचा हात थांबेल. तेव्हा गप्प बसू नये. समजूत घालायला जाऊ नये. सुई परत घालावी आणि म्हणावे, "आहे. ओढ."

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझ्याच मनातला आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते.

(सही) लिहून ठेवणारी

साक्षीदार: शेजारचा गॅरेजवाला. (सही. कागदावरचा ऑइलचा डाग माझा आहे.)

साक्षीदार: माडीवरचे मास्तर. (सही. शुद्धलेखन तपासले. रोगणाच्या वासाची तक्रार कायम.)

स्थळ: घरचा हॉल, खालच्या डाव्या पंखाजवळ

दिनांक: नऊ मार्च, रविवार. धाकटी दोरा आणायला गेली आहे, तेवढ्यात.