वळणावरचा शिरीष आणि खालच्या वस्तीची बस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, निवृत्त बस कंडक्टर, चढावरच्या वळणावर असलेल्या घराची एकटी मालकीण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही आणि ती उद्या सकाळी बदलणार आहेत, पण झडपेने कुणी विचार करत नाही. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. अंगणात लाऊडस्पीकर लावून सभा चालू आहे आणि तिचा शब्द न् शब्द या खोलीत ऐकू येतो आहे. त्याला दबाव म्हणायचे असेल तर तो मी जे लिहिते आहे त्याच्या नेमका उलटा आहे, याची नोंद घ्यावी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आमच्या घरात भांडण मिटवायला कधी कागद लागला नव्हता.

वकीलबाईंनी मला तीन गोष्टी बजावल्या आहेत. साक्षीदार दोन हवेत आणि माझी सही होताना दोघेही समोर हवेत. ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याने साक्षीदार व्हायचे नाही. झाला तर त्याला दिलेले बाद. आणि पुढे कुणी शंका काढली तर साक्षीदाराने अधिकाऱ्यासमोर उभे राहून सांगायचे की हो, हिने शुद्धीवर सही केली. एक साक्षीदार माझ्या शेजारी खुर्चीवर बसली आहे. ती वरच्या रुग्णालयात आया आहे, खालच्या वस्तीत राहते. तिची ड्युटी सुरू व्हायच्या आत तिला चढ चढून जायचे आहे, म्हणून ती दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते आणि मी पाहिले की नजर वळवते. दुसरा साक्षीदार, गल्लीतला शिंपी, अजून आलेला नाही.

कलम पहिले. घराच्या पुढची रस्त्यालगतची पट्टी, म्हणजे कुंपण, ओटा आणि शिरीषाचे झाड उभे आहे ती सगळी जागा, मी नगरपालिकेला विनामोबदला देत आहे. अट एकच: तिथून खालच्या वस्तीला जाणारी बस वळली पाहिजे. बसऐवजी तिथे मोटारी उभ्या करायची सोय केली, तर जागा माझ्या मुलीकडे परत यावी आणि मुलीने तिथे खुशाल गवत वाढवावे.

कारण असे. बस आज रुग्णालयापर्यंत येते आणि तिथूनच मागे फिरते. वॉर्डातल्या आया, स्वयंपाकीण बायका, पहारेकरी, ज्यांच्या जिवावर हा वरचा सगळा भाग चालतो, ते खालून चालत येतात आणि चालत जातात. या मार्गासाठी आम्ही किती वर्षे अर्ज केले ते सांगत नाही, निम्मे माझ्याच अक्षरातले आहेत. आता मार्ग मंजूर झाला, तर अडले आमच्याच वळणावर. पलीकडे नाल्याची भिंत आहे, ती हलवता येत नाही. मागच्या महिन्यात रिकामी बस आणून चाचणी घेतली. मी रस्त्यात उभी राहून शिट्टीवर बस पुढेमागे केली, जन्मभर केली तशी. कसेही घेतले तरी बसचा मागचा कोपरा बुंध्याला येऊन टेकतो. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. मालकाने समोर उभे राहून संमती दिली नाही, तर मार्ग रद्द आणि पैसा दुसरीकडे. मी असले तर मीच जाईन. नसले तर हा कागद जाईल.

कलम दुसरे. झाडाविषयी. जागा माझ्या वडिलांनी मला दिली म्हणून झाड कागदोपत्री माझे, पण खरे ते माझ्या नवऱ्याचे आहे. तो सार्वजनिक बागेत माळी होता. मुलगी झाली त्या वर्षी पोचे पडलेल्या तेलाच्या डब्यातून बोटाएवढे रोप घेऊन आला आणि मला न विचारता लावून मोकळा झाला. मी म्हटले, ओट्यावर ऊन येणार नाही. तो म्हणाला, तेवढ्यासाठीच लावलंय. पुढे त्याच सावलीत आमची मुलगी अभ्यासाला बसली आणि युनियनच्या अर्ध्या बैठका झाल्या.

या झाडावरून गेले दोन महिने आम्ही एका घरात राहून एकमेकांशी धड बोललेलो नाही. लग्न झाल्या दिवसापासून आम्ही अरे-तुरे करतो. सासूबाईंनी काही दिवस नाक मुरडले, मग त्याही मला "ए कंडक्टर" म्हणू लागल्या. आता तो मला मालकीणबाई म्हणतो. चहा ठेवतो आणि म्हणतो, मालकीणबाईंचा चहा. त्याचे म्हणणे मी इथे लिहून ठेवते, कारण ते खोटे नाही. या वयाचे झाड उपटून दुसरीकडे लावले तर जगत नाही. पालिकेने ते आश्वासन दिले तेव्हा तो अधिकाऱ्यासमोर हसला. बदल्यात शंभर रोपे लावू म्हणाले, तर तो म्हणाला, शंभर रोपं म्हणजे शंभर रोपं, झाड नाही. छोटी बस आणा म्हणतो. ड्युटी बदलायच्या वेळी छोट्या बसच्या दाराला माणसे कशी लटकतात ते मी आतून पाहिले आहे, त्याने बागेतून पाहिले आहे. शेवटी तो मला म्हणाला, "तू आहेस तोवर तुझं चालेल. तुझ्यामागे माझी सही मिळणार नाही." हे त्याने तोंडावर सांगितले, लपवून ठेवले नाही. माझ्यामागे तोही वारस, म्हणूनच मला हा कागद करावा लागतो आहे.

झाड पडेल त्या दिवशी करवत लावण्याआधी त्याला बोलवावे. फांद्या कुठून उतरवायच्या ते त्याला विचारावे. लाकूड त्याचे. त्याला ते नको असेल, तर जबरदस्ती करू नये.

कलम तिसरे. आमच्या समोर राहणारे गृहस्थ, ज्यांना सगळी गल्ली तीनगाडीवाले म्हणते, त्यांना मी माझी कंपोस्टची टाकी झाकणासकट देत आहे. ओल्या कचऱ्याच्या वासाने त्यांना मळमळते अशी तक्रार त्यांनी वारंवार पालिकेकडे केली होती. गाडीवर फुले पडतात म्हणून याच शिरीषाची रस्त्याकडची फांदी त्यांनी आम्ही गावाला गेलो असताना छाटून घेतली होती. आता बस आली की त्यांच्या दोन गाड्या रस्त्यावरून उठवाव्या लागणार, तेव्हा एका रात्रीत त्यांना झाडाचा पुळका आला. वृक्ष बचाव समिती निघाली. झाडाला खिळे ठोकून त्यांनी फलक लावला, त्यावर माझा फोटो, न विचारता, आणि खाली "आजींचे झाड वाचवा". अध्यक्षपदी माझ्या नवऱ्याला बसवले, कारण गल्लीत त्याच्याइतका स्वच्छ माणूस दुसरा नाही. खिळे मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी काढले आणि फलक दोरीने बांधला. टाकीबरोबर पाने झाडायचा खराटाही द्यावा. पर्यावरण कसे असते ते त्यांना हातात धरून कळेल.

आत्ता माइकवर तेच बोलत आहेत. "आपल्या आजींच्या भावनांचा विचार करा." मी खिडकी लावून घेत नाही. ज्या माणसाविषयी चालले आहे त्याने ऐकावे.

कलम चौथे. घराच्या मागच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर यांत तहहयात राहण्याचा हक्क मी माझ्या नवऱ्याला देते. कुणीही, कोणत्याही कारणाने, त्याला तिथून हलवू नये.

कलम पाचवे. बाकी घर माझ्या मुलीचे. तिला मी एकही अट घालत नाही. आयुष्यभर तिच्या मागे लागले: नळ बंद कर, दिवा घालव, नवे कशाला, जुने शिवून घे. एकदा विजेचे बिल बघत बसले होते तर ती म्हणाली, "आई, तू माझ्यावर प्रेम पण युनिटमध्ये मोजतेस का गं?" त्याचे उत्तर आता लिहून देते: नाही. तिने गाडी घेतली तेव्हा मी आठवडाभर फोन उचलला नाही, आणि उद्या त्याच गाडीतून ती मला रुग्णालयात नेणार आहे. रुग्णालय चढ संपतो तिथेच आहे, मी चालत गेले असते, पण डॉक्टर नाही म्हणाले. झाडाबद्दल ती म्हणते, तुम्हा दोघांच्या मध्ये मला उभं करू नका. करत नाही.

माझी जी काही शिल्लक बचत आहे, तिच्यातून वळणावरच्या थांब्याला छप्पर आणि बसायला बाक करावा. सावली माझ्या कुटुंबाने काढून घेतली, तर थोडी परत द्यायला हवी. त्यावर माझे नाव घालू नये.

कलम सहावे. माझी कंडक्टरची शिट्टी शेजारी बसलेल्या आयाबाईंना द्यायची होती. पण त्या साक्षीदार, म्हणून ती मी काल संध्याकाळीच त्यांच्या हातात ठेवली. ती या मृत्युपत्रात येत नाही.

इथवर लिहिले तोवर शिंप्याचा निरोप आला. तो येत नाही. "ताई, गिऱ्हाईकं गल्लीतलीच आहेत," एवढेच त्याने कळवले. मी त्याला दोष देत नाही. पण दुसरा साक्षीदार कुठून आणू? जो तो अंगणात, झाडाखाली बसला आहे. आयाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ताई, अजून थांबले तर मला पळत जावं लागेल." पुन्हा बसल्या. माझ्या हाताला घाम येतो आहे. अक्षर बिघडले आहे ते त्यामुळे, बुद्धीमुळे नव्हे.

यानंतर जे झाले ते याच कागदात लिहून ठेवणे मला योग्य वाटते.

सभेतल्या लोकांसाठी पाण्याची कळशी न्यायला माझा नवरा आत आला. त्याने आयाबाईंकडे पाहिले, कागदांकडे पाहिले.

"मृत्युपत्र?" त्याने विचारले.

"हो."

"वाचू?"

मी पाने त्याच्यापुढे सरकवली. त्याने उभ्यानेच वाचली. झाडाच्या कलमाशी थांबला, पुन्हा वाचले. तीनगाडीवाल्यांच्या टाकीशी मिशीत हसला, पण लगेच तोंड मिटले. मग विचारले, "दुसरा साक्षीदार कोण?"

"नाही मिळाला."

त्याने पाने जुळवून पुन्हा टेबलावर ठेवली. बाहेर टाळ्या झाल्या.

बस आणि बाग दोन्ही पालिकेची, म्हणून आमची दोघांची युनियन एकच, आणि तिची एक रीत होती. ठराव मंजूर झाला की विरोधात मत देणाऱ्याने त्यावर सगळ्यांत आधी सही करायची आणि पुढे लिहायचे, मत विरोधात. नंतर कुणी म्हणू नये, मला माहीत नव्हते. संपाच्या ठरावावर पहिली सही याचीच होती, मत विरोधात, आणि संप मिटेपर्यंत फाटकाशी उन्हात बसणाराही हाच होता. मी त्याच्याशी लग्न केले ते त्या सहीमुळे.

"मी करतो," तो म्हणाला.

"तुला नाही करता येणार. चौथ्या कलमात तू आहेस."

"मग चौथं खोड."

"अरे, मग तुला राहायला हक्काची जागा उरणार नाही."

"लेक बाहेर काढेल का मला?"

"नाही काढणार. पण कागदावर काही नसेल."

"काढलंच तर झाडाखाली बसेन," तो म्हणाला, आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आले. आयाबाई जमिनीकडे पाहू लागल्या.

मी त्याला पुढचेही सांगितले. मी उद्याच्या शस्त्रक्रियेतून परत आले नाही, तर सुनावणीत त्याला उभे राहून माझी सही खरी आहे असे सांगावे लागेल. समितीच्या अध्यक्षाने, सगळ्या गल्लीसमोर.

"माझा विरोध आहे," तो म्हणाला. "शेवटपर्यंत राहील. पण तू शुद्धीवर आहेस आणि हे तुझंच म्हणणं आहे, हे खरं की खोटं? साक्षीदारानं तेवढंच सांगायचं असतं. लवकर कर, यांना ड्युटीवर जायचंय."

त्याने खिडकीतून डोके बाहेर काढून सांगितले, "जरा स्पीकर बंद करा. आत सही चाललीय." स्पीकर बंद झाला.

कलम सातवे. वरचे चौथे कलम आणि दुसऱ्या कलमातले "लाकूड त्याचे" हे शब्द मी रद्द करत आहे. माझे या माणसावर अतिशय प्रेम आहे आणि हे मृत्युपत्र त्याच्या मनाविरुद्ध आहे. दोन्ही गोष्टी मी पूर्ण शुद्धीवर लिहिल्या आहेत.

हा माझा शेवटचा कागद. तो मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: वळणावरचे घर, पुढची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना.

लिहून देणार: (सही) निवृत्त बस कंडक्टर.

साक्षीदार पहिली: (सही) आया, वॉर्ड दुसरा. ताईंनी माझ्यासमोर सही केली. मी आता निघते.

साक्षीदार दुसरा: (सही) लिहून देणारीचा नवरा, निवृत्त माळी. ही पूर्ण शुद्धीवर आहे. माझे मत विरोधात. हिने घरी परत यावे, म्हणजे सुनावणीत मला हिच्या बाजूने बोलावे लागणार नाही.